पाहुणीचं आवतण

केदारखेडा,
२१ जून १९९८

चि. धर्मराज,
आक्काचे आशीर्वाद.

तुझा फोटो पेपरात आला आहे. साहेबराव सुट्टीला जालन्याहून आले, तेव्हा त्यांच्या डब्याच्या पिशवीत तो पेपर होता. बियाण्याच्या कारखान्यात कुणीतरी त्यांना दाखवला म्हणे, "हे तुमचे मेव्हणे का?" म्हणून. फोटोत तू पांढरा कोट घालून उभा आहेस आणि तुला टक्कल पडायला लागलं आहे. एवढा मोठा शास्त्रज्ञ झालास, पण बहिणीला कळवायला हैदराबादेत एक पोस्टकार्ड मिळालं नाही का रे? मेव्हण्याच्या डब्याच्या पिशवीतून कळावं लागलं.

बातमी मी दोनदा वाचली. मेंदूच्या पेशी मरतात त्यांना वाचवणारं काहीतरी एका वनस्पतीत सापडतंय, असं त्यात आहे. खाली त्या वनस्पतीचं नाव ठळक अक्षरात छापलं आहे. ते मी इथे लिहिणार नाही. या घरात तिला पाहुणी म्हणतात आणि मीही तेच म्हणणार. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो हा. आपल्या विहिरीच्या पाटाला जी पसरली आहे, तिच्यासाठी तू इतक्या लांब गेलास.

आमच्या शाळेत उषाबाई म्हणून नव्या शिक्षिका आल्या आहेत, लातूरकडच्या. त्यांनी परवा विचारलं, "तुमच्याकडं झाडाला आवतण देतात म्हणे?" मग मला सगळं सांगावं लागलं. शनिवारी संध्याकाळी आमचे आबा आंघोळ करून विहिरीवर जातात, पाहुणीपुढे हळदकुंकू, अक्षता नि सुपारी ठेवतात आणि ओठातल्या ओठात सांगतात, उद्या अमक्यासाठी न्यायला येतो. तिथून पुढे, रविवारी सकाळी औषध माणसाच्या हातात पडेपर्यंत आबा बोलत नाहीत आणि घरातलं कुणी त्यांच्याशी बोलत नाही. तिचं नाव घ्यायचं नाही आणि औषधाचा पैसा घ्यायचा नाही. फिट येणारी लेकरं, उशिरा बोलणारी लेकरं, डोकं ठिकाणावर नसलेली माणसं, सगळ्यांना तीच. मला वाटलं उषाबाई हसतील. त्या म्हणाल्या, "लग्नाला बोलवावं तसं बोलवता की तिला." मला बरं वाटलं.

बातमी मी आबांना वाचून दाखवली. पाहुणीचं नाव आलं तिथे गाळलं. त्यांनी फोटो हातात घेतला आणि विचारलं, "हा कोण?" मी म्हटलं, आपला धर्मा. "आस्सं," म्हणाले. तुझ्यावरचा राग चौदा वर्षांत कमी झाला नाही हे तुला माहीत आहे, पण फोटो त्यांनी लगेच परत दिला नाही. चष्म्याचा नंबर बदलला असणार. भोकरदनला नेऊन डोळे तपासून आणायचे आहेत.

बाकी ठीक. मुलांची नावं कळव, तुझ्या धाकट्याचं नाव मला अजून माहीत नाही.

तुझी,
नंदाआक्का

ता. क. पाकीट चिकटवलं होतं, ते उघडून लिहिते आहे. चष्म्याचं काही नाही, धर्मा. फोटो हातात असतानाच त्यांनी मला पुन्हा विचारलं, "हा कोण?" मी सांगितलं, आणि जेवताना परत विचारलं. गेल्या महिन्यात मला म्हणाले, "तुझी माय कुठं गेल्ती सकाळधरनं?" आईला जाऊन दहा वर्षं होत आली. पेपरात लिहिलंय ते औषध माणसांना मिळतं का? मिळत असेल तर पाठव. नसेल तरी तुझ्याकडचं थोडं पाठव.


केदारखेडा,
९ ऑगस्ट १९९८

चि. धर्मराज,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, सरकारी उत्तरच. तुम्ही काचेच्या ताटलीत पेशी वाढवता, त्यांच्यावर विष सोडता, आणि ज्यांना पाहुणीचा अर्क आधी दिलेला असतो त्या कमी मरतात. उंदरांतही थोडा फरक दिसला आहे. माणसांबद्दल आज काही सांगता येत नाही. किती द्यायचं, किती दिवस द्यायचं, कशाने अपाय होईल, हे माहीत नाही. म्हणून पाठवता येत नाही. बरं. हैदराबादचे उंदीर सुखी असोत.

हे वाक्य खोडणार होते. राहू दे. मला राग आला होता आणि तो तुला कळायला हवा.

शेवटी तू विचारलंस, आबा स्वतः पाहुणी का घेत नाहीत, तेवढ्याने काही बिघडणार नाही. अरे, हे तू विचारावंस? ज्याच्या हाताला गुण असतो, त्याला स्वतःच्या हातचं चालत नाही. आजोबांना शेवटी आबांनी दिलं होतं, कारण तोवर आजोबांनी ते आबांच्या हाती सोपवलं होतं. आबांना देणारा हात तुझा होता.

मला दोन्ही बाजू ठाऊक आहेत, धर्मा. तू औरंगाबादला बी.एस्सी.ला होतास. कॉलेजच्या अंकात तुझा लेख आला, 'माझ्या वडिलांचे औषध', आणि तू तो घेऊन उन्हातान्हात घरी पळत आलास. आबा खूश होतील असं तुला वाटलं होतं. भर अंगणात, शेजारीपाजारी बसलेले असताना, तू तो मोठ्याने वाचलास आणि तिचं नाव घेतलंस. मराठीतलं घेतलंस आणि इंग्रजीतलंही. आबा उठले आणि म्हणाले, "आवतणाची बाई व्हती, तिला तू बाजारात उभी केली. आता तुझ्या हाती हे देता यायचं न्हाई मला." तू लेकरूच होतास, एकोणीस-वीस वर्षांचा. तुला लागलं. पण तू जे उत्तर दिलंस ते लेकराचं नव्हतं. "नको मला तुमची भोंदूगिरी," म्हणालास. शेजारी ऐकत होते. ज्या माणसाने कधी कुणाचा रुपया घेतला नाही, त्याला तू भोंदू म्हणालास.

आईच्या दहाव्याला तुम्ही दोघं एका पंगतीत बसलात आणि एकमेकांशी बोलला नाहीत. मी वाढत होते. कुणाच्या पानात काय पडतंय ते मला दिसत नव्हतं.

तुझ्यानंतर मी आबांना विचारलं होतं, मला द्या. म्हणाले, "लेक परघरी जाती. हे घराबाहेर जात नसतं." परघरी गेलेली लेक या गावच्या शाळेत बदली मागून आली आणि आज त्यांचं धोतर धुते आहे. पण नियम म्हणजे नियम. दोघंही एका हेक्याचे, बाप तसा लेक.

अजून लोक येतात. शनिवारी आवतण दिलं जातं, रविवारी पुडी जाते. त्यात आबा अजून पक्के आहेत. तेवढं एक बरं आहे.

तुझी,
आक्का


केदारखेडा,
२ डिसेंबर १९९८

चि. धर्मा,

मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की औषधाच्या बाबतीत आबा पक्के आहेत. ते खरं नव्हतं. मला तसं वाटायला हवं होतं, म्हणून लिहिलं.

आपल्या आळीतली गिरिजाबाई तुला आठवत असेल, आईकडे दळायला यायची. तिची नात बेबीनंदा माझ्याच शाळेत होती, आता हायस्कूलला जाते. गुणी पोर आहे, पण तिला फिट येते. डॉक्टरच्या गोळ्या चालू आहेत, आणि गोळ्या बंद करू नका असं आबांनीच बजावलं होतं. वर पाहुणीही चालू होती. गेल्या महिन्यात एका रविवारी गिरिजाबाई तिला घेऊन नेहमीसारखी आली. आबांनी स्वतः वाटून हिरवी गोळी तिच्या हातावर ठेवली.

दुपारपर्यंत पोरीचं तोंड कोरडं पडलं, चेहरा लालबुंद झाला आणि ती हवेतलं काहीतरी चिमटीत धरायला लागली. आईला ओळखेना. जीपमध्ये घालून तिला जालन्याला नेलं, मी बरोबर होते. डॉक्टरांनी तिच्या डोळ्यांत बॅटरी मारली आणि सरळ विचारलं, "पोरीनं धोतरा खाल्लाय का?"

पोर वाचली. हे आधीच लिहायला हवं होतं. दोन दिवस तिथे ठेवलं, मग घरी सोडलं, आणि आज ती ओट्यावर बसून बोरं खात होती.

घरी येऊन मी उकिरड्याच्या कडेला गेले. धोतऱ्याचं झाड तिथे आहे आणि त्याची पानं खुडलेली होती. त्याच्यापुढे अक्षता आणि सुपारी होती. आबांनी आवतण त्यालाच दिलं होतं, धर्मा.

आता जे लिहायचं आहे ते लिहिते. त्या सकाळी मी दारात उभी होते. आबा समोरून आले तेव्हा त्यांच्या मुठीतली पानं मला मोठी वाटली. विचारावंसं वाटलं, आबा, हे काय आणलं? पण रविवारची सकाळ होती आणि बोलायचं नव्हतं. लहानपणापासून मी त्या सकाळी कधी बोलले नाही. मी बाजूला झाले आणि त्यांना आत जाऊ दिलं. आबांचं विसरणं आधी कुणाच्या ध्यानात आलं नाही, कारण त्या वेळी त्यांना कुणी काही विचारायचंच नाही असा आपला रिवाज. रिवाज मोडू नये म्हणून मी गप्प बसले आणि दुसऱ्याची पोर मरणाच्या दारात गेली.

गिरिजाबाईचे पाय धरायला मी गेले, तर तिने मला उठवलं. म्हणाली, "आबाचा हात चुकत न्हाई नंदाबाई. आमचंच काई चुकलं आसन. पोरगी बरी झाली का आणीन मी पुन्हा." तिने मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या रात्री मी आबांना सांगितलं, आता कुणाला द्यायचं नाही. का, ते त्यांना कळेना. पोरीचं सांगितलं तर ते रडले आणि थोड्या वेळाने विसरून परत विळा शोधायला लागले. शेवटी मी म्हटलं, "आबा, पाहुणी रुसली. येत न्हाई म्हणती." हे मात्र त्यांच्या डोक्यात बसलं. तेव्हापासून विचारतात, "माझं काय चुकलं गं?" मी सांगते, काही नाही, तिलाच राग येतो मधूनमधून. पेशंट लोकांना मी दारातूनच परत पाठवते. शनिवार आला की आबा आंघोळ करून ओट्यावर बसतात आणि कुठे जायचं होतं ते आठवत राहतात.

उकिरड्यावरचं झाड मी उपटून जाळलं.

तुझी,
आक्का


केदारखेडा,
१४ फेब्रुवारी १९९९

चि. धर्मा,

साहेबरावांनी नि मी आबांना औरंगाबादला नेऊन आणलं. डोक्याचा फोटो काढला. मेंदू आकसत चालला आहे, पेशी मरत आहेत, म्हणाले, आणि त्यावर आज इलाज नाही. डॉक्टर भला माणूस होता. त्याने गोळ्यांची लांबलचक चिठ्ठी लिहून दिली नाही. आबा त्याला म्हणाले, "तुमी बिलकुल घाबरू नका डाक्टर, बरं वाटंल तुमाला." सगळे हसले आणि मग कुणीच हसलं नाही.

तुझं ऑगस्टच्या आधीचं ते पत्र मी परत काढून वाचलं. 'माहीत नाही' असं तू त्यात चार वेळा लिहिलं आहेस. तेव्हा मला त्याची चीड आली होती. पण आठव, आबाही माणसं परत पाठवायचे. नाडी पाहायचे, डोळे पाहायचे आणि म्हणायचे, "हे माझ्या हातचं न्हाई. उगं येळ घालवू नका, जल्दी दवाखान्यात न्या." गावातल्या दुसऱ्या कुणा औषधवाल्याच्या तोंडून हे मी ऐकलं नाही. तू त्यांच्यासारखंच बोललास आणि मी तुला उंदरांवरून टोचून बोलले. राग धरू नकोस.

औषध पाठवू नकोस, मी मागणार नाही. तू ये. हल्ली ते साहेबरावांना अधूनमधून धर्मा म्हणतात आणि त्यांना जवळ बसवून घेतात. साहेबराव बिचारे "हां आबा" म्हणतात. ते तुझं आहे, तुला मिळायला हवं. अजून थोडं शिल्लक आहे. पाडव्याला ये, नाहीतर मुलांच्या परीक्षा झाल्यावर ये, पण उन्हाळ्याच्या पुढे ढकलू नकोस.

तुझी,
आक्का


केदारखेडा,
२१ एप्रिल १९९९

चि. धर्मा,

सुखरूप पोचलास का? साहेबराव तुला जालन्याच्या स्टेशनवर सोडून आले तेव्हा म्हणाले, गाडी हलेपर्यंत तू खिडकीकडे तोंड करून बसला होतास. मी जास्त विचारलं नाही.

तू गुरुवारी आलास आणि शुक्रवारी सकाळीच गेलास. सुट्टी नाही म्हणालास. खोटं बोलता येत नाही तुला, लहानपणापासून येत नाही. मी अडवलं नाही, कारण तुझ्या जागी मीही थांबले नसते. पण तू रविवारपर्यंत थांबायला हवं होतंस. का, ते सांगण्यासाठीच हे पत्र आहे. घाईने वाचू नकोस.

तू ओट्यावर आबांसमोर बसला होतास तेव्हा मी चुलीपुढे होते आणि मला सगळं ऐकू येत होतं. तुला पाहून त्यांना वाटलं, कुणी औषधाला आलंय. "बसा बाबा. कुण्या गावचं?" म्हणाले. तू हैदराबाद सांगितलंस. "लई लांबून आल्ता. कोन आजारी हाय?" मला वाटलं, आता तू म्हणशील, आबा, मी धर्मा. पण तू म्हणालास, "वडील." त्यांनी विचारलं, नाव काय वडिलांचं? आणि तू म्हणालास, "पुंजाराम."

तव्यावरची भाकरी उलटायची राहिली. वाटलं, स्वतःचं नाव ऐकून तरी त्यांच्या डोक्यात काही हलेल. ते म्हणाले, "बरं. काय होतंय पुंजारामला?"

"इसरत्यात सगळं."

"लेकराला तरी वळखत्यात का?"

"न्हाई," म्हणालास तू. इतक्या वर्षांनी मी तुझ्या तोंडून आपल्या गावचं न्हाई ऐकलं.

तेव्हा त्यांनी तुझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "मंग जड हाय बाबा. गुण येईनच आसं म्हणत न्हाई मी. पन तू एवढ्या लांबून बापासाठी आला. शनवारी आवतण देतो. आईतवारी सकाळी बराबर ये." तू उठून गोठ्यामागे गेलास. मी तिकडे आले नाही. पुरुषमाणसाला रडताना बघू नये असं आई म्हणायची, आणि खरं तर मीही रडत होते.

दुसऱ्या दिवशी तू गेलास. मला वाटलं, आबांच्या डोक्यातून ते केव्हाच गेलं असणार. जेवलो की नाही हे ज्यांना उठल्यावर आठवत नाही, त्यांना कुठला हैदराबादचा माणूस आठवतो?

शनिवारी संध्याकाळी त्यांनी आंघोळ केली आणि माझ्याकडे अक्षता मागितल्या.

मी म्हटलं, "आबा, पाहुणी रुसली हाय ना?" म्हणाले, "समजूत काढतो तिची. त्या मानसाचा बाप लेकराला वळखत न्हाई." मी हळदकुंकवाची वाटी दिली आणि त्यांच्या मागोमाग निघाले. उकिरड्याकडे वळले तर हात धरायचा असं ठरवलं होतं. ते वळले नाहीत. पायांना वाट माहीत होती. विहिरीला पाणी तळाला गेलं आहे, पण भांड्यांचं पाणी मी उन्हाळाभर पाटातच सोडते, त्यामुळे एवढ्या उन्हातही पाहुणी हातभर पसरून हिरवी आहे. तिची छोटी पांढरी फुलंही आली होती.

आबा उकिडवे बसले. आवतण ओठातल्या ओठात द्यायचं असतं. मी जन्मात ते ऐकलं नव्हतं, तूही ऐकलं नसशील. आता आवाज खाली घ्यायचा असतो हे ते विसरलेत. म्हणून मला सगळं ऐकू आलं. जसंच्या तसं लिहिते.

"माय, तुझं नाव इसरलो मी. राग मानू नको. उद्या तुला न्यायला येतो. पुंजारामसाठी यायचंय. त्याचं डोकं ऱ्हायलं न्हाई. पन त्याचं पोरगं चांगलं हाय. त्याच्यासाठी ये."

मग त्यांनी सुपारी ठेवली आणि हात जोडले.

रविवारी सकाळी आम्ही दोघं न बोलता गेलो. खाली बसल्यावर त्यांचा हात आधी शेजारच्या गवताला लागला. मी काही बोलले नाही. पण या वेळी गप्पही उभी राहिले नाही. त्यांचं मनगट धरलं आणि पाहुणीवर ठेवलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. नेहमीसारखं वरचं वर खुडून घेतलं, मुळं ठेवली. घरी येऊन ते वाटायला बसले नाहीत. लाकडी पाटावर फडकं अंथरून पानं सावलीत पसरली, कारण रोगी लांबच्या गावाला आहे, ओलं औषध तिथवर टिकायचं नाही. एवढं त्यांना कळत होतं.

मग ते ओट्यावर जाऊन तुझी वाट बघत बसले. औषध दिल्याशिवाय बोलायचं नाही, म्हणून बोलत नव्हते. दुपार झाली. जेवायला उठेनात. शेवटी मीच बोलले, "आबा, तो मानूस लांबचा हाय, त्याला येळ लागंल." तेव्हा म्हणाले, "मंग तू ठिव. त्याच्याच हातात दे. त्याला म्हनावं, तुझ्या हातानं बापाला चार."

धर्मा, मी तुला काय लिहिते आहे ते कळतंय का? आजोबांनी आबांना याहून जास्त काही दिलं नव्हतं. पानं हातात दिली होती आणि कुणाला चारायची ते सांगितलं होतं. सोपवणं म्हणजे तेवढंच असतं. जे तुला देता यायचं नाही असं आबा चौदा वर्षं म्हणत होते, ते त्यांनी देऊन टाकलं आहे. कुणाला दिलं हे त्यांना माहीत नाही.

त्याने गुण येईल का, मला माहीत नाही. तुलाही माहीत नाही, आणि आबाही तुला तेच म्हणाले. मेलेल्या पेशी परत येत नसतील. डॉक्टरांनी फोटो दाखवला तेव्हा मी ते समजून घेतलं आहे. तू शास्त्रज्ञ आहेस, तुला वाटलं देऊ नये, तर देऊ नकोस. येऊन नुसता त्यांच्यासमोर बस आणि पानं हातात घे. पण माझ्याच्याने ती देववणार नाहीत. माझ्या हातात ती फक्त ठेवायला दिली आहेत.

पानं वाळली. कागदात बांधून देवळीत ठेवली आहेत. सोमवारी, मंगळवारी आणि आजही आबा आंघोळ करून ओट्यावर बसले. मी शाळेतून आले की विचारतात, "तो पुंजारामचा पोरगा आला न्हाई का गं आजून? आज आईतवार हाय ना?" मी हो म्हणते. त्यांना आता वार कळत नाहीत. तू कोणत्याही दिवशी ये, रविवारच असेल.

तुझी,
आक्का